दिवा लागायच्या आत

(करंजाडे. बुधवार, दुपारचे बारा. दारात मांडव, ओटीवर हळकुंडांची परात. पंढरी हातात झेंडूचा हार तसाच धरून घरात शिरला आहे. त्याची मुलगी सोनल पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाली आहे, बायको पुतळा परातीपाशी बसलेली.)

पंढरी : पानी ठेव तिकडं. आधी सांग, तुझा नवरा या टायमाला हाय कुठं?

सोनल : अजून नवरा नाही झालाय, बाबा. शनिवारी होईल.

पंढरी : होईल का नाय ते आता मी ठरवनार. इचारलंय तेवढं सांग. तेजस कुठं हाय?

सोनल : विमानात. आत्ता दहाला सुटलं त्याचं. रात्री दिल्लीला उतरणार, तिथून सकाळचं विमान पकडून उद्या सव्वाआठला आपल्या इथे. मी सगळ्यांना गुरुवार सांगितला होता.

पंढरी : सगळ्यांना. म्हंजे मी सोडून सगळ्यांना. मना काय सांगितलंस तू? मंगळवारी राती साडेआठला सॅनफ्रान्सिस्कोवरून निघतो. बस. पुढचं मी बोटांवर मोजलं. तिकडून इकडं आठ तास. साडेआठात आठ घातले, पहाटेचे साडेचार. सामान घेऊन बाहेर यायला पाच. म्हनून मी चार वाजता टेम्पो काढला.

सोनल : टेम्पो? अहो, टेम्पो कशाला? तो टॅक्सी करून खारघरला त्याच्या घरी गेला असता.

पंढरी : कारन तो माझ्या जमिनीवर उतरनार होता. आपलं गाव उठवून तो विमानतळ बांधला. जिथं ती विमानं वळवतात ना, तिथं आपलं खळं होतं. त्या खळ्यावर आपल्या घरातलं मानूस पहिल्यांदा आभाळातून उतरनार, नि मी इथं चा पीत बसू? चवदा मानसं घेतली. बेंजोवाले घेतले. पंचातला दिनानाथ म्हनला, पंढरी, येवढ्या पहाटे बेंजो कशाला? म्हटलं, वाजू दे. कळू दे त्यांना कोनाचं गाव होतं ते.

सोनल : बेंजो. एअरपोर्टवर. देवा.

पंढरी : हस. हस तू. तिथंपन हसले समदे. पाचाचे सहा झाले, सहाचे सात. आत जायला तिकीट लागतं म्हनून भाहेर उभे. तो युनिफॉर्मवाला पोरगा आला, म्हनला, काका, इथे थांबू नका, साइडला व्हा. म्हटलं, साइडला होऊ? मी जलमलो तेव्हा हितं साइडच नव्हती रे. सगळं भात होतं. तो म्हनला, काका, प्लीज. मग झालो साइडला. नऊ वाजले. तुझा काका रनजीत उपाशी, त्याला शुगर. शेवटी तेजसला फोन लावला. पटकन उचलला.

सोनल : तुम्ही त्याला फोन केलात?

पंढरी : केला. म्हटलं, जावईबापू, आमी गेटावर उभे, तुमी कुठल्या दारातनं येताय? तर म्हनतो, बाबा, मी अजून विमानात बसलोच नाय. अजून तासभर हाय. म्हटलं, विमान काल राती साडेआठचं ना? तर म्हनतो, हो ना, अजून साडेसातच वाजतायत. आता सांग, काल रातीचे साडेसात आज सकाळी कसे वाजतात? मना वाटलं, पोरगा पिऊन बोलतोय.

सोनल : तो पीत नाही.

पंढरी : ते निकेशनं सांगितलं मग. तुझा चुलतभाऊ तिथंच सामान चढवायच्या कामाला हाय, तो ड्यूटी सोडून आला भाहेर. म्हनला, काका, तिकडं अजून कालचीच रात चाललीय. तुमी उद्या या. त्यानं मोबाइल काढला नि चवदा मानसांच्या समोर मना दाखवलं. साडेतेरा हजार किलोमीटर. जायला साडेएकवीस तास. यायला सव्वाबावीस. नि बेंजोवाला इचारतो, काका, वाजवायचं का पॅक करायचं? सांग, काय उत्तर देऊ मी त्याला?

सोनल : सॉरी, बाबा. हे असं व्हायला नको होतं.

पंढरी : हे म्हंजे कंचं? मी आज तोंडघशी पडलो ते, का तू सुपारीच्या दिवशी माझ्या डोळ्यात धूळ फेकलीस ते?

सोनल : धूळ नाही फेकली.

पंढरी : नाय? मग ऐक. तुळशीची लग्नं आटपली त्या आठवड्यात, हितंच, याच ओटीवर. हितं कमळाकरशेठ, तेजसचा बाप. तिथं पंच. मी सगळ्यांसमोर म्हनलो, शेठ, पोरगा चांगला हाय, घर चांगलं हाय, माझं काय म्हननं नाय. पन आमच्या घरात एक नेम हाय. सकाळी निरोप धाडला तर दिवा लागायच्या आत लेक दारात पायजे. त्याच्या पल्याड आमी मुलगी देत नाय. म्हनलो का नाय?

सोनल : म्हणालात.

पंढरी : तेव्हा तू उठून आलीस. मोबाइल माझ्या हातात दिलास. तेजस दुसर्‍या दिवशी परत जानार होता, त्याचं तिकीट. मी चष्मा लावला. चौथीपर्यंत शिकलोय, आकडे वाचता येतात मना. निघनार सकाळी दहा. पोचनार संध्याकाळी सहा. तारीख एकच. मोठ्यानं वाचलं मी. पंचांनी माना हलवल्या. दिनानाथ म्हनला, बघ, जग कवढं जवळ आलंय. नि मी सुपारी फोडली.

सोनल : त्या तिकिटात एक अक्षर खोटं नव्हतं. निघायची वेळ इथल्या घड्याळाची, पोचायची तिथल्या. तिथलं घड्याळ साडेतेरा तास मागे आहे. तिकिटावर तसंच छापतात.

पंढरी : हे तू आता सांगतेस. फेब्रुवारीत. तेव्हा जीभ कुठं होती?

सोनल : तोंडातच होती. गप्प बसले.

पंढरी : का?

सोनल : कारण बोलले असते तर तुम्ही सुपारी फोडली नसती.

पंढरी : ऐकलंस, पुतळा? ऐकलंस तुझ्या लेकीचं?

पुतळा : ऐकतेय. हळद निवडायला कान लागत नाय.

पंढरी : आनि अजून एक. तू मना जायचं तिकीट दाखवलंस. मी यायचं इचारलं होतं. माझा नेम लेकीनं घरी यायचा हाय, घरातनं जायचा नाय. तिकडून राती निघाला तर मधला आख्खा दिवस खाऊन तिसर्‍या दिवशी सकाळी पोचतो मानूस. ते तिकीट नाय दाखवलंस. येवढी तिकिटं काढतेस लोकांची, तुला कळत नव्हतं कुठलं दाखवतेय ते?

सोनल : कळत होतं. सहा वर्षं पनवेलच्या ऑफिसात तेच तर करतेय. रोज येतात माणसं, मॅडम, किती तास लागतील? मी सांगते. कुणाचा मुलगा सिडनीला, कुणाची बहीण टोरांटोला. धडाधड सांगते. तुम्हाला सांगायची वेळ आली नि जमलं नाही.

पंढरी : जमलं नाय म्हनू नको. तुला चांगलं जमलं. तेजस गेला त्या दिवसाचं सांगू? संध्याकाळी मी देवापुढं दिवा लावत होतो. काडी हातात होती. तू दारातून म्हनलीस, बाबा, तेजस पोचला हं. मी देवाला हात जोडले. म्हटलं, बघ, दिवा लागायच्या आत. आठवतं?

सोनल : आठवतं.

पंढरी : तेव्हा कुठं होता तो?

सोनल : आकाशात. दिल्ली सोडून तीन तास झाले होते.

पंढरी : तीन तास. आनि अजून तेरा जायचे होते. देवासमोर खोटं बोललीस. तिकिटाचं मी एक वेळ सोडून दिलं असतं. पन जळत्या काडीसमोर?

सोनल : ते खोटं होतं. त्याची माफी मागते. रोज दिवा लावताना मला ते आठवतं, तुम्हाला काय वाटलं, मी मजेत होते? पण एक सांगा. हा नेम फक्त मला का? कुंदनदादा बोटीवर गेला तेव्हा कुणी तास मोजले? नऊ-नऊ महिने तो कुठल्या समुद्रात असतो ते त्याला तरी ठाऊक असतं का? माझ्या लग्नालाही येत नाहीये. त्याला तुम्ही बेंजो लावून पाठवलंत.

पंढरी : कुंदन पोरगा हाय.

सोनल : हं.

पंढरी : हं काय? पोरगा सवताच्या पायानं जातो. पोरीला आपन दुसर्‍याच्या घरात देतो. फरक हाय तो.

सोनल : म्हणून तीन स्थळं घालवलीत माझी. बंगलोरचा मुलगा आवडला होता मला. तुम्ही विचारलंत, ट्रेनला किती? चोवीस तास. नको. म्हटलं, विमानाने दोन तासांच्या आत. तर म्हणालात, विमान चुकलं तर? नागपूर नको, का, तर रात्रभराचा प्रवास. मी एकतीस वर्षांची आहे, बाबा. ऑफिसातल्या मुली विचारतात, तुझं का अडलंय, मी काय सांगू? माझ्या वडिलांकडे स्टॉपवॉच आहे म्हणून?

पंढरी : त्याला कारन हाय. ते तुला माहीत हाय.

सोनल : माहीत आहे. गोजराआत्या. लहानपणापासून ऐकतेय.

पंढरी : मग आज परत ऐक. माझी मोठी बहीन. मी अकरा वरसांचा होतो. तिला अलिबागच्या खाली दिली, तिकडं लांब. मिठागराचा धंदा, पैसेवाली मानसं, बाप भुलला. बाळंतपनात अडली. तिनं निरोप धाडला, बाबांना सांगा, मना न्यायला या. निरोप घेऊन मानूस निघाला तो पावसात अडकला. लाँच बंद. खाडी चढलेली. तिसर्‍या दिवशी पोचला आमच्या दारात. आमी निघालो, मी बापाच्या मागं धावत. चौथ्या दिवशी पोचलो तर वळनीवर तिचं लुगडं वाळत होतं. धुऊन टाकलेलं. ती नव्हती, पोर नव्हतं. बाप तिथंच उकिडवा बसला नि म्हनला, यापुढं माझ्या घरातली लेक एका दिवसाच्या पल्याड जानार नाय. मेलो तरी जानार नाय. तो शब्द मी धरलाय, नि तू तो मोबाइलनं मोडलास.

सोनल : त्या वेळी फोन नव्हते. आता मला काही झालं तर तुम्हाला दुसर्‍या मिनिटाला कळेल.

पंढरी : कळून काय करू? साडेतेरा हजार किलोमीटर. कळेल नि सव्वाबावीस तास मी हितं भिंत बघत बसेन. त्यापेक्षा तिसर्‍या दिवशी कळलेलं बरं.

सोनल : असं नका बोलू.

पंढरी : बोलनार. कमळाकरला फोन लाव.

सोनल : कशाला?

पंढरी : त्यालापन ठाऊक होतं. आज सकाळी इचारलं त्याला गेटावरून, तर फोनवर हसला. म्हनला, अहो पंढरीशेठ, आमाला वाटलं तुमी तसंच म्हनताय, पुढार्‍यासारखं, चार मानसांत. त्याला लाव फोन. माझा शब्द फसवून घेतलाय. फसवून घेतलेल्या शब्दावर मी पोरीला हळद लावनार नाय. आज दिवा लागायच्या आत मांडव उतरवतो. पत्रिका गेल्या त्या गेल्या. लोक हसतील. हसू देत, आज सकाळपासून सवय झालीय.

सोनल : लावा. नंबर तुमच्या फोनमध्ये आहे. मी नाही लावून देणार. आणि एक लक्षात ठेवा, हा मांडव उतरला तर दुसरा मांडव माझ्यासाठी घालायचा नाही. मग बसते इथे, तुमच्या हाकेच्या अंतरावर. रोज संध्याकाळी मोजत जा मला.

पंढरी : धमकी देतेस?

सोनल : नाही. हिशेब सांगतेय. तुम्हाला तासांचा लागतो ना, तर तासांचा सांगते. जन्मभराचे सगळे तास तुमचे.

पुतळा : फोन जरा खाली ठेवा. लावायचा तर नंतर लावा. मना येक सांगायचं हाय.

पंढरी : तू मधी पडू नको. लेकीची बाजू घेनार तू, मना माहीत हाय.

पुतळा : बाजू नाय घेत. मनापन माहीत होतं.

पंढरी : काय माहीत होतं?

पुतळा : की आठ तास नाय म्हनून. सुपारीच्या आदल्या राती हिनं मना सांगितलं. रडत होती, म्हनली, आये, बाबा नाय म्हनतील. मीच म्हटलं, तिकीट त्यांच्या हातात दे, त्यांना वाचू दे. तू कायपन बोलू नको.

पंढरी : तू सांगितलंस?

पुतळा : मी सांगितलं. पोरीवर ओरडताय आल्यापासून, म्हनून बोलतेय. ओरडायचं तर हिकडं तोंड करा.

पंढरी : पुतळा, छत्तीस वरसं झाली लग्नाला. माझा नेम तुला ठाऊक. गोजराचं तुला ठाऊक. तरी तू माझं नाक कापलंस? चवदा मानसांत?

पुतळा : बेंजो न्या असं मी नव्हतं सांगितलं.

पंढरी : थट्टा करू नको.

पुतळा : थट्टा नाय करत. मना कुठं दिली होती, सांगा बरं. माझं माहेर कुठं?

पंढरी : गव्हानला. हे काय इचारनं झालं?

पुतळा : तुमच्या गावापासून किती लांब?

पंढरी : बांधावरून चालत येक तास. मुद्दाम तशी बघून केली होती. आमच्या बापाचा नेम तुझ्या बापालापन पटला होता, लेक जवळ पायजे.

पुतळा : येक तास. बरोबर. माझी आय गेली त्या दिवशी मना पोचायला किती लागला?

पंढरी : ते आता कशाला?

पुतळा : आताच. सोनलला ठाऊक नाय ते. कुंदन दीड वरसाचा होता. भात कापून शेतात पडलं होतं नि सकाळी ढग भरून आले. कार्तिकात. सात वाजता माझा भाऊ दिनकर दारात आला, धावत आलेला, म्हनला, ताई, आय गेली, चल. मी कुंदनला काखेत मारला, चपला घातल्या. तुमी म्हनलात, थांब. पाऊस पडला तर वरसाचं भात जाईल. आय गेली ती गेली, आता भात कशाला घालवायचं? सगळं खळ्यावर आनू, झोडून टाकू, मग जा.

पंढरी : ढग आले होते. खोटं नाय ते. आख्खं गाव शेतात होतं त्या दिवशी.

पुतळा : होतं. मी नाय म्हनत नाय. दिनकर थोडा वेळ उभा राहिला नि येकटा परत गेला. मी भारे वाहिले. दुपारी तुमी जेवायला बसलात तेव्हा इचारलं, आता जाऊ? तुमी म्हनलात, दोन खाचरं राहिलीत. चार वाजता इचारलं. म्हनलात, पाखडून घे. पाच वाजता सोडलंत. आल्यापासून तुमी ज्या खळ्याचं सांगताय ना, त्याच खळ्यावरून. नि पाऊस त्या दिवशी आलाच नाय. दुसर्‍या दिवशीपन नाय.

सोनल : आई.

पुतळा : थांब, संपू दे. कुंदनला कडेवर घेऊन मी येकटी चालले. सहाला पोचले. घराघरात दिवे लागत होते. अंगन सारवून झालं होतं, ओलं होतं अजून. मी धावत आत शिरायला गेले तर वहिनी दारातून म्हनली, ताई, बाजूनं ये, पाय उमटतील. आयला नेली होती दुपारीच. मी कडेकडेनं गेले. सारवनावर येक पाऊल नाय उमटू दिलं.

सोनल : आई, तू मला कधीच सांगितलं नाहीस हे.

पुतळा : सांगितलं असतं तर तू लग्नाला तयारच झाली नसतीस. आता तुमी ऐका. सकाळी निरोप आला. दिवे लागताना मी माझ्या आयच्या दारात होते. तुमचा नेम मोडला का? नाय मोडला. येका मिनिटानं मोडला नाय. तुमचा नेम मी पुरेपूर पाळला नि माझी आय मना दिसली नाय.

पंढरी : तू कधी बोलली नायस.

पुतळा : बोलले. परत आले त्याच दिवशी बोलले. तुमी म्हनलात, पोचलीस ना दिवा लागायच्या आत?

पंढरी : मी असं म्हनलो?

पुतळा : हाच शब्द.

पंढरी : मना आठवत नाय.

पुतळा : तुमाला कशाला आठवेल? म्हनून मी हिला म्हटलं, तिकीट दे त्यांच्या हातात. वाचू देत तास. त्यांना तासच कळतात. मना येक तासावर दिली नि मी अकरा तासांनी पोचले. हिला येकवीस-बावीस तासांवर दिली तर दिली. निघू दिलं तर बावीस तासांनी येईल. नाय निघू दिलं तर खारघरला देऊनपन यायची नाय.

सोनल : बाबा, बसा तुम्ही. उभे नका राहू. पाणी घ्या.

पंढरी : बसतो. तू नको बोलू आता. माझा राग गेलेला नाय. तू देवासमोर खोटं बोललीस तो राग तसाच हाय.

सोनल : असू दे.

पुतळा : आनि तूपन फार शहानी होऊ नको. गेले तीन महिने राती-राती फोनवर बोलतेस त्याच्याशी. काय काय इचारलंस त्याला?

सोनल : सगळं विचारलंय. घर कसं आहे, व्हिसा किती दिवसात होईल, मला तिथे काम करता येईल का, भाजी कुठे मिळते, सुकी मच्छी नेऊ देतात का.

पुतळा : हे इचारलंस का, की माझी आय आजारी पडली तर मी तुला इचारून निघायचं का सांगून?

सोनल : नाही.

पुतळा : का नाय?

सोनल : सुचलंच नाही. मी किलोमीटर मोजत बसले होते. बाबांची मुलगी आहे ना.

पुतळा : मग इचार.

सोनल : आत्ता कसं विचारू? विमानात आहे तो. फोन बंद. रात्री दिल्लीला उतरेपर्यंत लागणार नाही.

पुतळा : फोनवर नकोच. फोनवर समदे गोड बोलतात. तोंडावर इचार. हळद लागायच्या आत.

सोनल : आणि तुम्ही, बाबा? मांडव उतरवणार?

पंढरी : कमळाकरला फोन करत नाय. आज तरी नाय. निकेशला लाव.

सोनल : निकेशला कशाला?

पंढरी : त्याला इचार, उद्याचे सव्वाआठ हिकडचे का तिकडचे. मना परत तोंडावर पडायचं नाय.

सोनल : इकडचे. जिथे उतरायचं तिथल्या घड्याळाची वेळ असते. आपल्याच इथली.

पंढरी : नक्की? आता खोटं बोललीस तर बघ.

सोनल : नक्की. सव्वाआठ, करंजाड्याचे.

पंढरी : मग उद्या साडेसातला निघायचं. टेम्पो नको, रनजीतला सांग, घरी झोप, गोळी घेऊन. बेंजो तर अजिबात नको. आपन तिघंच जाऊ. पुतळा, तूपन.

पुतळा : मना हळद कुटायची हाय.

पंढरी : राहू दे हळद. कुटायला दुसर्‍या बायका येतील. उद्या काम राहिलं म्हनून तू मागं राहायचं नाय. गेटावर तुमी दोघी पुढं, मी मागं. हार माझ्याकडं. तो भाहेर आला की सोनल, आधी तू इचारायचंस. तुझ्या आयनं सांगितलं तेच, त्याच शब्दांत. इचारून का सांगून. तोवर मी हार घालनार नाय. कमळाकर तिथं उभा असला तरी नाय.

सोनल : हा हार? हा तर उद्यापर्यंत सुकेल.

पुतळा : दे हिकडं. ओल्या फडक्यात गुंडाळते.

सोनल : आणि बाबा, त्याचं उत्तर बरोबर नाही आलं तर?

पंढरी : तर काय. तिथूनच परत फिरायचं. आपलंच खळं हाय ते, तिथून घरची वाट मना पाठ हाय. त्या दिवशी तुझ्या आयला येकटीला चालवली मी तिथून. उद्या मी बरोबर चालेन.